दुःखाचा अर्थ कोणी लावावा?

घरात मोठे आजारपण येते. ऐन उमेदीतला माणूस जातो. चालता धंदा बुडतो. अशा वेळी भेटायला आलेले कोणीतरी हलक्या आवाजात बोलून जाते, "काय करणार, ज्याचे त्याचे प्रारब्ध!" बोलणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. दुःखाला काही कारण असावे, जगात न्याय असावा, ही माणसाच्या मनाची फार जुनी गरज आहे. पण ज्याच्यावर प्रसंग ओढवला आहे, त्याच्या मनात ते वाक्य वर्षानुवर्षे सलत राहते. म्हणून प्रत्येक विचारी माणसाने स्वतःला विचारावा असा हा प्रश्न आहे : दुःखाचा अर्थ लावणे योग्य आहे का? आणि योग्य असेल, तर तो कोणी लावायचा? भोगणाऱ्याने की पाहणाऱ्याने?

या प्रश्नाशी दोन हजार वर्षांहून अधिक काळ हातात लेखणी घेऊन झगडत आलेला एक समाज म्हणजे यहुदी समाज. त्यांचे राज्य गेले, मंदिर गेले, देश सुटला; ग्रंथ मात्र बरोबर राहिले. प्रत्येक आघातानंतर त्यांनी दोन गोष्टी केल्या. जे घडले ते लिहून ठेवले आणि ते का घडले याचा शोध घेतला. त्यांची उत्तरे सगळ्या काळांत एकच नव्हती. ती कशी बदलत गेली हे पाहिले, तर आपल्या प्रश्नावरही बराच प्रकाश पडतो.

स्मरण हे कर्तव्य

यहुदी धर्मग्रंथांत 'आठवण ठेव' ही आज्ञा पुन्हा पुन्हा येते. हिब्रू भाषेत तिला 'झाखोर' म्हणतात. मिसर देशातील गुलामगिरी आठव, तेथून झालेली सुटका आठव, तू स्वतः परका होतास हे आठव आणि म्हणून परक्याला छळू नकोस. म्हणजे येथे आठवणीचा शेवट आचरणात होतो. केवळ माहिती म्हणून इतिहास जपणे हा या आज्ञेचा उद्देश नाही.

वल्हांडण सणाच्या रात्री हे सर्वांत स्पष्ट दिसते. कुटुंब जेवणासाठी बसते, घरातले सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते आणि उत्तरादाखल मिसरातून सुटकेची कथा सांगितली जाते. ती ज्या पुस्तकातून वाचतात त्याला 'हग्गादा' म्हणतात. प्रत्येक पिढीतील माणसाने आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो असे मानावे, अशी त्यात शिकवण आहे.

या परंपरेचा एक धागा मराठीतही आहे. कोकणात, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल समाज अनेक शतके राहत आला. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसे. म्हणून आसपासचे लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. 1846 साली मुंबईत त्यांच्यासाठी मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली. पुढे 1874 साली पुण्यातही एक निघाली. याच समाजातील हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 च्या सुमारास आपल्या लोकांचा इतिहास इंग्रजीत लिहून ठेवला. तो त्यांच्या पश्चात, 1937 साली, तेल अवीवमध्ये छापला गेला. संख्येने लहान असलेल्या समाजानेही आपली गोष्ट आपणच लिहिली पाहिजे, हा आग्रह यात दिसतो. भाषांतराचे काम करताना मला त्या 1846 च्या पुस्तकाचे विशेष वाटते. आईच्या भाषेत आल्याशिवाय आठवण घरात राहायला येत नाही, हे त्या लोकांनी ओळखले होते.

राजाचा अपराधही ग्रंथात

प्राचीन काळचे राजे शिलांवर आपले विजय कोरून घेत. पराभव आणि पाप तेथे सहसा सापडत नाही. हिब्रू ग्रंथांतील दावीद राजाची कथा याला अपवाद आहे. दावीद हा यहुद्यांचा सर्वांत लाडका राजा. तरीही त्याने उरीया नावाच्या आपल्याच सैनिकाची पत्नी कशी घेतली आणि उरीयाला लढाईत मुद्दाम पुढे ठेवून कसे मारवले, हे त्या ग्रंथात सविस्तर लिहिले आहे. नाथान संदेष्टा राजासमोर जातो आणि एका गोष्टीतून त्याला त्याचे पाप दाखवतो. एका श्रीमंताने स्वतःचे कळप सोडून गरिबाची एकुलती एक मेंढी पाहुण्यासाठी कापली, अशी ती गोष्ट. राजा संतापून त्या श्रीमंताला शिक्षा फर्मावतो, तेव्हा नाथान त्याला सांगतो की तो माणूस तूच आहेस.

वाणिज्य शाखेत पहिला धडा असा शिकवतात की जमा आणि नावे दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. ज्या वहीत फक्त जमा आहे, ती वही कोणाला तरी फसवण्यासाठी लिहिलेली असते, आणि बहुतेक वेळा फसणारा स्वतः लिहिणाराच असतो. समाजाच्या इतिहासालाही हाच नियम लागू पडतो. दावीदाचा अपराध लिहिणाऱ्यांनी पुढच्या पिढ्यांना अभिमान दिला आणि त्याबरोबर आरसाही दिला.

मंदिर का पडले?

इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जिंकून तेथील मंदिर जाळले. ते पुन्हा उभे राहिले आणि इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने ते दुसऱ्यांदा उद्ध्वस्त केले. आजही श्रद्धाळू यहुदी 'आव' महिन्याच्या नवव्या दिवशी दोन्ही घटनांसाठी उपवास करतात आणि जमिनीवर किंवा ठेंगण्या आसनावर बसून 'विलापगीत' वाचतात.

मंदिर का पडले? सैन्याच्या बळाचा हिशेब केला तर उत्तर सोपे आहे : रोम बलाढ्य होते. पण तलमूद या महाग्रंथात जमलेल्या पंडितांनी स्वतःकडे बोट केले. पहिले मंदिर मूर्तिपूजा, व्यभिचार आणि रक्तपात यांमुळे गेले, असे ते म्हणतात. दुसऱ्या मंदिराच्या काळातले लोक तर धर्माचे अध्ययन करत होते, दानधर्म करत होते. मग ते का गेले? लोकांमध्ये एकमेकांविषयी विनाकारण द्वेष होता म्हणून, असे उत्तर तेथे दिले आहे. वरवर धार्मिक असलेला समाज आतून द्वेषाने पोखरलेला असू शकतो, हे त्यांनी स्वतःविषयी लिहून ठेवले.

यासाठी तलमूद एक कथा सांगतो. यरुशलेममधील एका गृहस्थाने मेजवानी ठेवली. काम्सा नावाच्या मित्राला आमंत्रण द्यायला नोकर निघाला आणि चुकून बार काम्सा नावाच्या शत्रूला घेऊन आला. यजमानाने त्याला उठून जायला सांगितले. बार काम्सा विनवू लागला की मला असे सर्वांदेखत घालवू नका, माझ्या जेवणाचे पैसे मी देतो. मग तो अर्ध्या मेजवानीचा खर्च द्यायला तयार झाला, शेवटी संपूर्ण मेजवानीचा. यजमानाने ऐकले नाही. हाताला धरून त्याला बाहेर काढले. पंक्तीला पंडित बसले होते, ते गप्प राहिले. त्यांचे मौन म्हणजे संमती, असे बार काम्साने मानले आणि रागाच्या भरात रोमन सत्तेकडे जाऊन आपल्या लोकांची चुगली केली. पुढे विनाश झाला.

या कथेत पंडितांनी आपल्याच पूर्वसूरींना सोडलेले नाही. भरल्या पंगतीत एका माणसाचा अपमान होत असताना विद्वान गप्प बसले, हे त्यांनी विनाशाच्या कारणांमध्ये नोंदवले. आत्मपरीक्षणाचे याहून कठोर उदाहरण सापडणे कठीण आहे.

तेच वाक्य, दुसऱ्याच्या तोंडी

परंतु येथे एक धोका आहे. "आमच्या दोषामुळे आमचे मंदिर पडले," असे यहुदी स्वतः म्हणत होते तेव्हा ते आत्मशुद्धीचे साधन होते. तेच वाक्य पुढे युरोपातील ख्रिस्ती धर्मशास्त्रींच्या तोंडी गेले. यहुद्यांचे मंदिर पडले आणि ते देशोधडीला लागले, यावरून देवानेच त्यांना नाकारले आहे, असे शतकानुशतके शिकवले गेले. त्या शिकवणुकीने त्यांच्या छळाला धार्मिक आधार मिळाला. वाक्यातले शब्द फारसे बदलले नव्हते, पण बोलणारा बदलला आणि औषधाचे विष झाले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नैतिक वाक्याची किंमत केवळ त्याच्या अर्थावर ठरत नाही. ते कोण, कोणाविषयी बोलतो, यावरही ती ठरते. "माझे काय चुकले?" हा प्रश्न साधनेचा आहे. "तुझे काहीतरी चुकले असणार" हा निवाडा आहे आणि तो देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नसतो.

ईयोबचे मित्र

यहुदी परंपरेला हा धोका ठाऊक होता. तिच्या धर्मग्रंथांतच ईयोबाची कथा आहे. ईयोब हा सज्जन, देवाला भिऊन वागणारा माणूस. त्याची संपत्ती जाते, मुले मरतात, अंगभर फोड उठतात. तीन मित्र भेटायला येतात. त्याची अवस्था पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. एक शब्दही बोलत नाहीत. हे त्यांचे सर्वांत चांगले काम ठरले. नंतर ते बोलू लागले आणि सगळे बिघडले. देव न्यायी आहे, म्हणून शिक्षा झालेल्याने पाप केलेच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. ईयोब तो मान्य करत नाही. शेवटी देव कोणाला खडसावतो? ईयोबालाही तो विश्वाच्या विशालतेपुढे उभे करतो. पण आपल्याविषयी योग्य बोलले नाही म्हणून तो कोपतो ते या मित्रांवर. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांनाच देव चूक ठरवतो.

पुढे तलमूदने या कथेचा व्यवहारातला नियम केला. खरेदी-विक्रीत फसवणूक करू नये या विषयाची चर्चा चालू असताना तेथे म्हटले आहे की जशी मालाच्या व्यवहारात लबाडी असते, तशी शब्दांतही असते. विकत घ्यायचे नसताना दुकानदाराला उगाच किंमत विचारू नये. पश्चात्ताप केलेल्या माणसाला त्याच्या जुन्या चुकांची आठवण देऊ नये. आणि जो आजाराने पीडित आहे किंवा ज्याने आपली मुले पुरली आहेत, त्याच्याशी ईयोबाच्या मित्रांप्रमाणे बोलू नये. पैशाची फसवणूक भरून देता येते, शब्दांची जखम भरून देता येत नाही. म्हणून शब्दांचा अपराध अधिक मोठा, असेही तेथील एक पंडित सांगतात.

मंदिराच्या पतनासाठी स्वतःला दोष देणारा ग्रंथ आणि दुःखिताला दोष देऊ नका असे सांगणारा ग्रंथ एकच आहे. यात विसंगती नाही. पहिले वाक्य समाज स्वतःविषयी बोलतो. दुसरे वाक्य शेजारी बसलेल्या माणसाविषयी आहे.

बदलत गेलेली उत्तरे

स्वतःच्या दुःखाचा अर्थ लावतानाही दोष हे एकच उत्तर पुरत नाही, असा अनुभव पुढे आला. 1096 साली पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स, माइन्झ इत्यादी शहरांतील यहुदी वस्त्यांची कत्तल केली. बाप्तिस्मा किंवा मृत्यू अशी निवड समोर आल्यावर अनेकांनी मृत्यू पत्करला. त्यानंतर लिहिल्या गेलेल्या हिब्रू बखरींत हे लोक पापी होते म्हणून मेले, असे उत्तर पुरेसे मानलेले नाही. ही पिढी बलवान होती, कसोटीला उतरण्याची ताकद तिच्यात होती, म्हणून तिची निवड झाली, असा अर्थ तेथे दिसतो. याच प्रदेशांत मृतांच्या नावांची स्मरणवही ठेवण्याची प्रथा रुजली. न्यूरेंबर्गची अशी वही 1296 साली सुरू झाली. सिनेगॉगमध्ये ती नावे मोठ्याने वाचली जात. नावांच्या यादीत मृत्यूचे स्पष्टीकरण नसते. एवढी माणसे होती आणि ती आमची होती, इतकेच ती सांगते. कधी कधी एवढे सांगणेच पुरेसे असते.

1492 मध्ये स्पेनमधून सर्व यहुद्यांना हाकलले गेले. त्या पिढीतील शलोमो इब्न वेर्गा यांनी आपल्या ग्रंथात छळांच्या कथा एकत्र केल्या आणि मानवी कारणेही शोधली : जमावाचा मत्सर, राजाचे हित आणि धर्मांधांचा द्वेष. काही यहुद्यांनी केलेले श्रीमंतीचे प्रदर्शनही त्यांनी लपवले नाही. दैवी कारणाबरोबर माणसाच्या वागण्याचा शोध घेणेही आवश्यक आहे, हे येथे दिसते. नाहीतर अत्याचार करणारा माणूस हिशेबातून निसटून जातो.

जमिनीखालचे कागद

नोव्हेंबर 1940 मध्ये नाझींनी वॉर्सा शहरात लाखो यहुद्यांना एका भिंतीआड कोंडले. तेथे इमॅन्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने काही सहकाऱ्यांना घेऊन गुप्तपणे नोंदी ठेवण्याचे काम उभारले. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी ते जमत. म्हणून गटाचे नाव 'ओनेग शब्बात', शब्बाथचा आनंद. दिनचर्या, उपासमार, मुलांचे निबंध, भिंतीवरची फर्माने, ट्रामची तिकिटे, मिठाईची वेष्टने, सारे काही त्यांनी जमवले. आपल्याच लोकांतील लाचखोरी आणि यहुदी पोलिसांची दुष्कृत्येही त्यांनी नोंदवली. मरण समोर उभे असतानाही त्यांनी वहीच्या दोन्ही बाजू भरल्या.

1942 च्या उन्हाळ्यात तेथून अडीच लाखांहून अधिक माणसांना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेण्यात आले. तेव्हा आणि त्यानंतर हे कागद पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरले गेले. पुरणाऱ्यांमध्ये डाविड ग्राबेर नावाचा 19 वर्षांचा तरुण होता. मार्च 1944 मध्ये रिंगेलब्लूम, त्यांची पत्नी आणि मुलगा यांची हत्या झाली. सुमारे साठ जणांच्या गटातील जेमतेम तिघे वाचले. युद्धानंतर, 1946 आणि 1950 मध्ये, त्यांतील दोन साठे सापडले.

एका गुरूंची टीप

1950 मध्ये सापडलेल्या त्या साठ्यात एक हस्तलिखित होते. रब्बी कालोनिमुस कालमन शापिरा हे धार्मिक गुरू कोंडवाड्यातही आपल्या अनुयायांना प्रवचने देत आणि ती हिब्रूत लिहून ठेवत. सप्टेंबर 1939 च्या बाँबवर्षावातच त्यांचा एकुलता एक मुलगा आणि सून गेली होती. तरीही ते लोकांना धीर देत राहिले. डिसेंबर 1941 मधील एका प्रवचनात त्यांनी म्हटले होते की असे छळ आपल्या इतिहासात पूर्वीही झाले आहेत, मग आत्ताच श्रद्धा का डळमळावी?

सुमारे वर्षभराने, 1942 च्या अखेरीस, त्यांनी त्याच प्रवचनाला एक टीप जोडली. जे लिहिले ते त्या काळापर्यंतच्या दुःखांना लागू होते. त्यानंतर जे घडले तसे यापूर्वी कधीच घडले नव्हते, असा तिचा आशय आहे. त्यांनी जुना मजकूर खोडला नाही. आपले स्पष्टीकरण अपुरे पडले, हे त्याच पानावर नोंदवले. त्यांची श्रद्धा संपली होती का? 1942 मधील त्यांच्या प्रवचनांत आपल्या लोकांच्या दुःखाने अंतःपुरात रडणाऱ्या देवाचे चिंतन आहे. देवाशी संवाद चालूच होता. दुःखाचा तयार अर्थ मात्र त्यांनी हातातून खाली ठेवला. नोव्हेंबर 1943 मध्ये एका छावणीत त्यांची हत्या झाली. त्यांची प्रवचने 1960 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

शिष्यांसमोर दिलेले उत्तर अपुरे होते असे गुरूने लिहून ठेवावे, याला मोठे धैर्य लागते. सत्याविषयीची निष्ठा स्वतःच्या शब्दांविषयीच्या ममत्वापेक्षा मोठी असेल, तरच हे घडते.

आपण काय घ्यावे?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. दुःखाचा अर्थ लावणे चूक नाही. तो लावल्याशिवाय माणसाला पुढे जाता येत नाही. पण काही मर्यादा पाळल्या पाहिजेत, आणि त्या आपल्या रोजच्या वागण्यात आणता येतात.

पहिली मर्यादा : आत्मपरीक्षण स्वतःचेच करावे. माझ्या घराच्या, माझ्या संस्थेच्या, माझ्या समाजाच्या अपयशात माझा वाटा किती, हे मी अवश्य शोधावे आणि नोंदवावे. दुसऱ्याच्या चितेशेजारी उभे राहून त्याच्या कर्माचा हिशेब मांडू नये. कर्माच्या सिद्धांतावर आपली कितीही श्रद्धा असली, तरी दुसऱ्याची वही आपल्याला दिसत नाही.

दुसरी : आत्मपरीक्षणाच्या नावाखाली अन्याय करणाऱ्याला मोकळे सोडू नये. ज्याला लुटले त्याने सावध राहायला शिकावे हे ठीक. पण लुटणारा तरीही अपराधीच असतो.

तिसरी : आपला अर्थ अपुरा ठरला तर ते कबूल करण्याची तयारी ठेवावी. पानावर टीप लिहिण्यापुरती जागा राखावी.

आणि कोणाच्या घरी दुःखाच्या वेळी गेलो, तर ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवावेत. जवळ बसावे. घरात पाणी भरायचे असेल तर भरावे, मुलांना जेवू घालावे, कागदपत्रांची कामे करून द्यावीत. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याची एखादी चांगली आठवण सांगावी. एवढे केले की बोलायचे फारसे काही उरत नाही. अर्थाचा शोध त्या घरातली माणसे आपल्या वेळेने घेतील. तोपर्यंत ती एकटी राहणार नाहीत, इतके पाहणे आपल्या हातात आहे.